चौदा तालुके, चौदा घराणी

शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात एल साल्वाडोर हा देश शोधू लागलात तर आधी त्याचं नाव सापडतं, आणि तेही प्रशांत महासागरात छापलेलं. देश इतका लहान की नाव आत मावत नाही. मेक्सिकोच्या खाली, ग्वाटेमाला आणि होंडुरास यांच्या कुशीत हा चिमुकला तुकडा आहे. क्षेत्रफळ २१,०४१ चौरस किलोमीटर. मध्य अमेरिकेतला हा सर्वांत छोटा देश.

आता महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा घ्या. सरकारी कागदावर २०२४पासून त्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण एस.टी. स्टँडवर अजून ‘नगर, नगर’ अशीच हाक ऐकू येते. त्याचं क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या एका जिल्ह्यात आणि त्यांच्या अख्ख्या देशात फरक पडतो तो तीन-चार तालुक्यांचा. माणसं तिकडे साठ लाखांच्या आसपास. इकडे २०११ च्या जनगणनेतच पंचेचाळीस लाखांवर होती. तिकडे चौदा प्रांत, इकडे अकोल्यापासून जामखेडपर्यंत चौदा तालुके. हा निव्वळ योगायोग. त्यातून काही सिद्ध होत नाही. पण साल्वाडोरच्या लोकांच्या तोंडी आणखी एक चौदाचा आकडा आहे, तो मात्र योगायोगाचा नाही. ‘लास कातोर्से’, म्हणजे ‘चौदा जणं’. देशाची जमीन, बँका आणि निर्यात ज्यांच्या मुठीत होती ती चौदा घराणी. मोजायला गेलं तर घराणी चौदापेक्षा बरीच जास्त भरतात, पण लोकांनी ठरवलेला आकडा खानेसुमारीने बदलत नसतो.

दोन्हीकडची माती ज्वालामुखीची आहे. आपली काळी माती म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा भुगा. तिथे ज्वालामुखी अजून जागे आहेत. इसाल्को नावाचा डोंगर १७७० मध्ये जमिनीतून वर आला आणि पुढे दोनेकशे वर्षं रात्री असा पेटता राहिला, की खलाशी त्याला प्रशांत महासागराचा दीपस्तंभ म्हणत. अशा मातीवर एकच पीक घेऊन देश श्रीमंत करता येतो, असं दोन्हीकडच्या लोकांना वाटलं. तिथे ते पीक होतं कॉफी, इथे ऊस. पुढची गोष्ट मात्र वेगळी झाली. ती का वेगळी झाली हे पाहायचं, तर आधी पावसाकडे पाहावं लागतं.

साल्वाडोरमध्ये वर्षाला सतराशे-अठराशे मिलिमीटर पाऊस पडतो. डोंगरउतारावर कॉफीचं झाड लावलं की पाणी आभाळ देतं. नगर जिल्हा सह्याद्रीच्या पाठीला बसलेला. कळसूबाई-रतनगडाचा अकोल्याचा पश्चिम पट्टा सोडला, तर बाकी जिल्ह्यावर पाचशे-सहाशे मिलिमीटरची मेहेरबानी, आणि तीही लहरी. इथे बारमाही पीक घ्यायचं तर पाट हवा, पाटाला धरण हवं, आणि धरण बांधणं एखाद्या घराण्याच्या ऐपतीतलं नव्हतं. ते सरकारलाच बांधावं लागलं. माझ्या मते नगरचं नशीब या कोरडेपणाने घडवलं. पाणी सरकारचं, जमीन हजारो रयतेच्या नावावर, अशी विचित्र वाटणी इथे होऊन बसली, आणि पुढची प्रत्येक भानगड या वाटणीतून निघाली.

*

नगर हा देश तर एकदा होताही. १४९० मध्ये मलिक अहमदने बहामनी फौज भिंगारजवळ मोडली आणि निजामशाही उभी केली. १६३६ पर्यंत, म्हणजे दीडशे वर्षांना चार कमी, ती टिकली. चांदबिबी आणि मलिक अंबर यांच्या कथा आपल्याला पाठ आहेत, त्या इथे उगाळत नाही. निजामशाहीच्याच काळात, १५२४ मध्ये, पेद्रो दे आल्वारादो नावाचा स्पॅनिश सरदार साल्वाडोरच्या भूमीवर उतरला, आणि तिथल्या पिपिल लोकांचं कुस्कात्लान राज्य पुढच्या काही वर्षांत बुडालं.

स्पॅनिश अमलात आधी कोको आला, मग नीळ. अठराव्या शतकात तर हा मुलूख निळीवरच जगत होता. चंपारणमुळे आपल्याला निळीचा मळा म्हणजे काय ते ठाऊक आहे. साल्वाडोरचा मळा त्याहून दयाळू नव्हता. गंमत अशी की या निळीला पुढे मोठी टक्कर दिली ती बंगाल-बिहारच्या निळीने, आणि १८९७ पासून जर्मनांनी कारखान्यात केलेली नीळ बाजारात आली तेव्हा दोघांचंही दुकान बंद झालं.

१८२१ मध्ये स्पेनचा अंमल गेला. नीळ मागे पडू लागली तशी सरकारने कॉफीची कास धरली. पण कॉफीला हवी असलेली जमीन नेमकी गावकीची होती. आपल्याकडे गायरान असतं तशी, पण त्याहून पुष्कळ जास्त, गावाच्या नावावर असलेली आणि मूळ रहिवासी पिढ्यान् पिढ्या मका पिकवत असलेली. १८८१ आणि १८८२ मध्ये सरकारने दोन फर्मानं काढून ही सामायिक मालकीच रद्द केली. ज्याच्याकडे कागद आणि पैसा, त्याची जमीन झाली. कालचा गावकरी आज मजूर झाला, आणि त्याला मजुरी म्हणून बऱ्याच मळ्यांवर नाणीसुद्धा मिळेनात. मिळत ते मळ्याच्या नावाचे बिल्ले, जे फक्त मळ्याच्याच दुकानात चालत.

त्याच सुमाराला आपल्याकडे काय चाललं होतं? अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६० च्या दशकात कापसाचे भाव चढले, सावकारांनी सढळ हाताने कर्जं दिली. यादवी संपली, भाव कोसळले, वर सरकारने सारा वाढवला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची दुकानं आणि घरं गाठली आणि कर्जरोखे बाहेर काढून जाळले. ते लोण पारनेर-श्रीगोंद्याच्या गावांत पोहोचायला फार दिवस लागले नाहीत. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात; मला तो शब्द थोडा अन्यायाचा वाटतो. दंगेखोर माणसं जिवावर उठतात. इथे रोष होता तो कागदावर. रोखा मुकाट्याने हाती दिला, तर सावकाराला फारसा धक्का लागत नसे.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. कोर्टाने कर्जाचा मूळ हिशेब तपासावा, अवाच्या सवा व्याज कापावं, कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकू नये. कायदा काही रामबाण नव्हता. सावकारांनी गहाणाऐवजी खरेदीखतं करून घ्यायला सुरुवात केली, आणि शेतकऱ्याची पत आटली ती वेगळीच. तरी तारखा शेजारी ठेवून पाहा. १८७९ मध्ये नगरच्या कुणब्याची जमीन त्याच्याकडे राहावी म्हणून कायदा होतो. १८८१ मध्ये साल्वाडोरच्या पिपिलाची जमीन त्याच्याकडून जावी म्हणून. पुढच्या शंभर वर्षांचा फाटा मला इथे फुटताना दिसतो.

*

फाटा फुटला खरा, पण नगरची गाडी मधेच पुन्हा साल्वाडोरच्या रस्त्याला लागली होती. ही हकिगत जिल्ह्याबाहेर फार कमी लोकांना माहीत आहे.

अकोले तालुक्यात भंडारदऱ्याला प्रवरेवर धरण बांधायला १९१० मध्ये सुरुवात झाली आणि १९२६ मध्ये ते पुरं झालं. त्या वेळच्या गव्हर्नराच्या नावावरून त्याचं नाव विल्सन धरण. तिकडे नाशिक जिल्ह्यातल्या दारणेचं पाणी गोदावरीच्या कालव्यांतून कोपरगाव-राहात्याकडे येऊ लागलं होतं. पाटाला पाणी सुटलं, पण ते वापरायचं कसं हे ज्वारी-बाजरीच्या शेतकऱ्याला उमगेना. खत, बेणं, मजुरी यांना लागणारं भांडवल त्याच्याकडे नव्हतं. काळ्या जमिनीला बेसुमार पाणी दिलं की ती फुगते आणि खारावते, हेही तो सोसून शिकला. ज्यांना बागायत येत होती ते सासवडकडचे माळी पाटाच्या मागोमाग इकडे आले, जमिनी खंडाने घेऊन ऊस लावू लागले आणि गुऱ्हाळं घालू लागले.

त्यांच्यापाठोपाठ कंपन्या आल्या. हरेगावला बेलापूर कंपनीने साखर कारखाना काढला. टिळकनगरला डहाणूकरांनी, कोपरगाव तालुक्यात साकरवाडी-लक्ष्मीवाडीला सोमय्यांनी. बेलापूर रोड नावाच्या दौंड-मनमाड लाइनीवरच्या आडस्टेशनाभोवती बाजारपेठ वाढली आणि तिचं श्रीरामपूर झालं. कंपन्यांना ऊस हवा होता, आणि तो शेतकऱ्याकडून विकत घेण्यापेक्षा त्याची जमीन लांब मुदतीच्या खंडाने घेऊन आपणच पिकवणं त्यांना सोयीचं होतं. हजारो एकर जमीन अशी कंपन्यांच्या ताब्यात गेली. मालक सातबाऱ्यावर मालक राहिला. बांधावर कंपनीचा मुकादम उभा राहिला. याच शेतकऱ्यांना पुढे ‘खंडकरी’ म्हणू लागले. शब्दाचा अर्थच उलटा झाला बघा: खंड घेणारा तो खंडकरी नव्हे, खंडाने देऊन बसलेला तो खंडकरी. १९६१ मध्ये कमाल जमीनधारणेचा कायदा आला तेव्हा कंपन्यांकडची जादा जमीन सरकारने घेतली, पण ती मूळ मालकाकडे न जाता १९६३ च्या शेती महामंडळाकडे गेली. खंडकऱ्यांच्या मुला-नातवंडांनी मोर्चे काढले, कोर्टं गाठली. एकविसावं शतक उजाडल्यावर कायद्यात दुरुस्त्या झाल्या आणि जमिनी परत मिळू लागल्या. तोवर कित्येक मूळ मालकांचे वारस इतके झाले होते, की वाटणीला गुंठे उरले.

आता १९३२ या सालाशी थांबू. महामंदीने जगभर शेतमालाचे भाव पाडले होते. साल्वाडोरच्या निर्यातीत कॉफीचा वाटा नव्वद टक्क्यांच्या वर गेला होता; कॉफीचा भाव पडला म्हणजे देशच पडला. मळेवाल्यांनी मजुरी कापली, काही ठिकाणी तोडणीच सोडून दिली. जानेवारी १९३२ मध्ये इसाल्को डोंगराच्या पायथ्याच्या गावांत मजूर कोयते घेऊन उठले. उठाव दोन-तीन दिवसांत चिरडला गेला, आणि मग जनरल मार्तिनेस याच्या फौजेने काही आठवडे माणसं वेचून मारली. आकडे दहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत सांगितले जातात. मूळ रहिवाशाचा पोशाख अंगावर असणं एवढा गुन्हा पुरेसा होता. त्यानंतर लोकांनी तो पोशाख टाकला आणि भाषाही चारचौघांत बोलायची सोडली. तिथे या प्रकाराला नुसतं ‘मातान्सा’ म्हणतात: कत्तल.

तीच मंदी, तेच १९३२ साल. इथे हिंदुस्थान सरकारने जावा बेटावरून येणाऱ्या स्वस्त साखरेवर संरक्षक जकात बसवली. देशात तीसच्या आसपास साखर कारखाने होते, ते चार-पाच वर्षांत सव्वाशेवर गेले. टिळकनगरचा कारखाना त्याच लाटेतला. म्हणजे मंदीने तिथे पीक बुडवलं आणि इथे पिकाला छत्र दिलं. पण छत्राखाली उभे होते ते कंपनीवाले. शेतकऱ्याच्या हाती होता गूळ, आणि गुळाचा भाव मातीमोल होता.

*

इथे पिकांच्या स्वभावाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण सगळी मेख त्यात आहे. ज्वारी कणगीत भरून ठेवता येते, कापसाला वर्षभर काही होत नाही. ऊस तसा नाही. तो तोडला की त्याचं घड्याळ सुरू होतं. दिवसभरात गाळला नाही तर वजन घटतं आणि साखरेचा उतारा पडतो. कॉफीचं लाल फळही तसंच. ते तोडल्या दिवशीच सोलून, आंबवून, धुऊन वाळवावं लागतं, आणि ते करणारी गिरणी, ‘बेनेफिसियो’, गावात एखादीच असते. अशा पिकात जमीन कोणाची हा प्रश्न निम्माच महत्त्वाचा. खरा प्रश्न गिरणी कोणाची हा. साल्वाडोरमध्ये लहान कॉफीवाले बागायतदार अगदीच नव्हते असं नाही, पण त्यांचं फळ त्यांना चौदा घराण्यांच्याच दारात ओतावं लागे, आणि भाव दारातच ठरे.

नगरच्या बागायतदारांना हे चाळीसच्या दशकात नीट उमजलं होतं. १९४५ मध्ये बेलापूर रोडला दख्खनच्या कालव्यांवरच्या बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. कालव्यावरच्या शेतकऱ्यांनी आपले कारखाने आपण काढावेत, सहकाराने काढावेत, हा विचार तिथे जोरकसपणे मांडला गेला. श्रोत्यांत आणि संयोजकांत लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील होते. फारसं शिक्षण नसलेला, गावच्या पतपेढीच्या कामातून तयार झालेला हा शेतकरी आणि केंब्रिजला शिकलेला तो अर्थशास्त्रज्ञ, ही जोडी जमली कशी याचं मला नेहमी कुतूहल वाटतं. एकाला हिशेब कळत होता आणि दुसऱ्याला माणसं. विठ्ठलराव पाटाच्या कडेकडेने गावोगाव फिरले. कारखाना कधी उभा राहील याचा पत्ता नसताना शेअरसाठी पैसे मागणं सोपं नव्हतं. बायकांचे दागिने मोडून शेअर घेतल्याच्या आठवणी त्या भागात घरोघर सांगतात. मुंबई सरकारात वैकुंठभाई मेहता मंत्री होते, त्यांनी सरकारी भागभांडवल मिळवून दिलं. औद्योगिक वित्त महामंडळाचं कर्ज मिळालं. १९५०-५१ च्या हंगामात लोणीजवळ, ज्याला आता प्रवरानगर म्हणतात तिथे, पहिली मोळी पडली. पहिली दहाएक वर्षं अध्यक्षपद गाडगीळांकडे होतं.

हा आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना, असं आपण अभिमानाने सांगतो. आंध्रात एटिकोप्पाकाला १९३३ मध्येच शेतकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर साखर काढायला घेतली होती, तेव्हा ‘पहिला’ या शब्दावर फार जोर देऊ नये. पण ज्या नमुन्यावरून पुढे महाराष्ट्रभर कारखाने निघाले तो नमुना मात्र लोणीचाच.

नमुना काय होता? सभासदाचे शेअर कितीही असोत, मत एकच. नफा डिव्हिडंडमधून वाटायचा नाही, उसाच्या भावातून द्यायचा. टनामागे थोडी कपात करून ती ठेव म्हणून ठेवायची. त्यातून शाळा, दवाखाना, रस्ता, पुढे कॉलेज. त्यानंतर कोळपेवाडी, सहजानंदनगर, राहुरी, संगमनेर, अशोकनगर, सोनई, भेंडे अशी चिमण्यांची रांगच लागली. त्यांची नावं पाहण्यासारखी आहेत. आरंभी नद्या, देव, ऋषी आणि संत: प्रवरा, गणेश, अगस्ती, वृद्धेश्वर, ज्ञानेश्वर. मग एकेका कारखान्याच्या नावाआधी संस्थापकाचं नाव लागू लागलं. सहकाराचा इतिहास कमानीवरच्या पाट्या वाचूनही थोडाफार कळतो.

साल्वाडोरमध्येही सहकार आला, पण तो सैन्याच्या गाडीत बसून आला. भूमिहीन इतके झाले होते, की तीनेक लाख लोक शेजारच्या होंडुरासमध्ये जाऊन शेती करत होते. होंडुरासने त्यांना हाकलायला सुरुवात केली आणि १९६९ च्या जुलैत दोन देशांत शंभर तासांचं युद्ध झालं. फुटबॉलच्या सामन्यांचं निमित्त झालं म्हणून जग त्याला फुटबॉलचं युद्ध म्हणतं. पोट मात्र जमिनीसाठी दुखत होतं. १९८० मध्ये लष्करी सरकारने पाचशे हेक्टरांवरचे मळे ताब्यात घेऊन मजुरांच्या सहकारी संस्था केल्या. त्याच वर्षी आर्चबिशप रोमेरो यांना प्रार्थना चालू असताना गोळी घातली गेली, आणि देश यादवीत लोटला गेला. बारा वर्षांनी, १९९२ च्या जानेवारीत तह झाला तेव्हा पाऊण लाख माणसं मेली होती. १९३२ मध्ये गोळी घातलेल्या फाराबुंदो मार्ती या पुढाऱ्याचं नाव घेऊनच बंडखोर लढले होते.

*

एवढं वाचून नगरकराची मान ताठ झाली असेल तर जरा थांबावं. आपल्याकडे रक्त सांडलं नाही, ही मोठीच गोष्ट. पण गिरणीचं दार शेतकऱ्याच्या ताब्यात आलं, आणि मग त्या दाराशी कोण बसणार यावरून गावं फुटली. कारखाना ज्याच्याकडे त्याच्याकडे जिल्हा बँक, दूध संघ, शिक्षण संस्था आणि विधानसभेची उमेदवारी. संचालक मंडळाच्या निवडणुकीत विरोधात गेलेल्याच्या उसाला तोड वेळेवर येत नाही, ही तक्रार पाटावरच्या गावात नवी नाही. मत एकच असतं. तोडीची चिठ्ठी मात्र चेअरमनच्या ऑफिसातून निघते. आजोबा, मुलगा, नातू अशी गादी चालू राहते. साल्वाडोरसारखा चौदाचा आकडा इथे कोणी पक्का केलेला नाही, पण चौदा तालुक्यांतल्या वजनदार घराण्यांची नावं पारावरचा कोणीही बोटांवर मोजून दाखवील. काही कारखाने कर्जात गेले आणि खासगी मालकांकडे आले. एका पिढीने दागिने मोडून उभं केलेलं दुसऱ्या पिढीने लिलावात पाहिलं.

फरक कुठे राहिला तो सांगतो. इथल्या घराण्यांना दर पाच वर्षांनी लोकांच्या दारात जावं लागतं. भाव पन्नास रुपयांनी कमी काढला तर शेजारच्या कारखान्याचा भाव दाखवून लोक भर सभेत जाब विचारतात. चौदा घराण्यांना असा जाब कोणी विचारला नव्हता.

पाण्याचा हिशेब मात्र अजून चुकता व्हायचा आहे. ऊस जमीन थोडी व्यापतो आणि पाणी सगळ्यांचं पितो. मुळा धरण झालं, राहुरी-नेवाशाला पाणी मिळालं. निळवंड्याच्या धरणाला १९७० च्या सुमारास सुरुवातीची मंजुरी मिळाली होती. त्याच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण ऑक्टोबर २०२३ मध्ये झालं. मधल्या काळात तळेगाव भागात दोन पिढ्या टँकरची वाट पाहत म्हाताऱ्या झाल्या. २००५ च्या कायद्याने खोऱ्यातल्या सगळ्यांना समन्यायी वाटा द्यायचं ठरवल्यापासून दुष्काळी वर्षी वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्याची वेळ आली की नगर-नाशिक एका बाजूला आणि मराठवाडा दुसऱ्या बाजूला उभा राहतो. तेव्हा ‘पाणी सरकारचं’ हे जुनं वाक्य नगरकरांना अजिबात आवडत नाही.

याच जिल्ह्यात, नगर शहरापासून फार दूर नाही, हिवरे बाजार आहे. १९९० नंतर पोपटराव पवारांच्या पुढाकाराने त्या गावाने दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायला घेतला, आणि त्या ताळेबंदात बसत नाही म्हणून उसाला गावबंदी केली. केळीलाही. बोअर पाडायलाही. साखरेच्या जिल्ह्यात उसाला हद्दपार करणारं गाव असावं, आणि ते नांदतं असावं, हे मला प्रवरानगरइतकंच महत्त्वाचं वाटतं. फरक इतकाच, की प्रवरानगरची नक्कल पन्नास ठिकाणी झाली आणि हिवरे बाजारला सहली आल्या.

*

कॉफीचं पुढे काय झालं? यादवीनंतर भाव पडले, २०१२-१३ मध्ये तांबेऱ्याने बागा वाळवल्या. आता साल्वाडोर कॉफीपेक्षा साखर जास्त निर्यात करतो. म्हणजे उशिरा का होईना, तो आपल्याच पिकावर आला. पण देश खरा चालतो तो माणसांच्या निर्यातीवर. पंचवीसेक लाख साल्वाडोरी वंशाचे लोक अमेरिकेत राहतात आणि वर्षाला आठ अब्ज डॉलरहून जास्त पैसे घरी धाडतात. राष्ट्रीय उत्पन्नाचा पाचव्या हिश्शाहून जास्त भाग या मनिऑर्डरींचा. २००१ मध्ये देशाने आपलं कोलोन हे चलन बाजूला ठेवून थेट डॉलरच घेतला. २०२१ मध्ये अध्यक्ष बुकेले यांनी बिटकॉइनलाही कायदेशीर चलन केलं. पैसे पाठवण्याचा खर्च वाचेल, असा युक्तिवाद होता. बाजारातल्या बायका काही बिटकॉइनने मका विकायला तयार झाल्या नाहीत, आणि २०२५ च्या आरंभी ती सक्ती मागे घेतली गेली.

नगरचा दक्षिण भाग, म्हणजे पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत, याच हिशेबात मोडतो. सहकाराचे शेअर पाटावरच्या शेतकऱ्याने घेतले. ऊस तोडायला मात्र कोरडवाहू माणूस लागला, आणि त्याला शेअर कोणी विचारला नाही. कारखान्याच्या भाषेत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. मुकादम पावसाळ्यातच येऊन कोयत्याला उचल देतो. लग्न, आजारपण, बी-बियाणं त्यात भागतं, आणि मग सहा महिने फडात राबून ती फेडायची. टनामागची मजुरी उचलीतून वळती होते. हंगाम संपताना हिशेब फिटला नाही तर तो पुढच्या सालावर जातो. बिल्ल्यांच्या दुकानाची आठवण होते ती इथे. साल्वाडोरच्या ऊसफडांत उन्हात राबणाऱ्या तरुण तोडकऱ्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागल्याचं गेल्या पंचवीस वर्षांत डॉक्टरांनी नोंदवलं आहे. आपल्या फडातल्या बायकांच्या दुखण्यांच्या नोंदी त्यामानाने फार उशिरा सुरू झाल्या.

दसरा झाला की भगवानगडाच्या पायथ्याशी खरवंडी कासारकडून ट्रक भरू लागतात. आधी भांडीकुंडी, मग सरपणाची मोळी, त्यावर गोधड्या, गोधड्यांवर पोरं. एखादी शेळी टपाला बांधलेली. घराला कुलूप, म्हातारी शेजारच्या पडवीत, तिच्याजवळ शाळेत जाणारी एखादी नात. ट्रक प्रवरेकडे वळतो, कधी त्याहून लांब, कोल्हापूरकडे. पुढच्या फळीला गोणपाटात गुंडाळून कोयते बांधलेले असतात, पोरांच्या हाताला लागू नयेत म्हणून.